शिकारी रायफली : बनावटी व गुणवत्ता

शिकारी रायफल : वन्य पशूंच्या शिकारीसाठी वापरली जाणारी, नळीच्या आतील पृष्ठभागावर मळसूत्री खोबणी असलेली व खांद्याला लावून झाडावयाची बंदूक. या खोबणींमुळे गोळीला स्वतःच्या अक्षाभोवती फिरकी मिळते व तिचा मार्ग स्थिर राहतो. म्हणून गुळगुळीत नळीच्या छऱ्याच्या बंदुकीपेक्षा रायफलीचा पल्ला व नेम हे दोन्ही सरस असतात. लष्करी व शिकारी रायफलींची मूळ यंत्रणा पुष्कळदा एकच असते. तथापि लष्करी रायफल सरकार ठरविते व सैनिकाला ती मिळेल तशी स्वीकारावी लागते, तर शिकारी रायफल ही ग्राहकाने पारखून घ्यावयाची वस्तू आहे. त्यामुळे तिच्या बाबतीत निर्मात्याच्या नावाला प्रथमपासून महत्त्व आले. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, माउझर, मान्‌लिखर, विंचेस्टर, रेमिंग्टन इ. नावे याच कारणाने प्रसिद्धीस आली आणि त्यांपैकी कोणती बनावट श्रेष्ठ, हा वाद एक शतकाहून अधिक काळ चालू आहे. या वादाचा इतिहास पाहता असे दिसून येते, की कीर्ती नावाला मिळाली असली, तरी ती प्रत्यक्षात एखाद्या विशिष्ट यंत्ररचनेने व विशिष्ट कालखंडातील कारागिरीने मिळविलेली असते. नाव तेच राहून रचना बदलली किंवा रचना तीच राहून उपयोगाचे स्वरूप बदलले, तर जुन्या कीर्तीवर विसंबणे घातक ठरते.

गुणवत्तेचे निकष : शिकारी रायफलीची पारख अचूकता, विश्वासार्हता व टिकाऊपणा या तीन निकषांवर करतात. पक्क्या बैठकीवर ठेवलेल्या रायफलीतून एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या तीन किंवा पाच गोळ्यांच्या छिद्रांमधील कमाल अंतर हे अचूकतेचे रूढ माप होय. हे अंतर कोनीय मिनिटांत सांगतात. १०० मी. अंतरावर एक मिनिट म्हणजे सु. २·९ सेंमी. होय. तीन गोळ्यांचा समूह पाच गोळ्यांच्या समूहापेक्षा सरासरीने लहानच भरतो. म्हणून दोन बनावटींची तुलना करताना गोळ्यांची संख्या व काडतुसाचा प्रकार समान असावा लागतो. चाप ओढल्यावर बार उडणे, तो ओढल्याशिवाय कधीही न उडणे, पुंगळी निघून दुसरे काडतूस विनाअडथळा नळीत बसणे या गोष्टींचा विश्वासार्हतेत समावेश होतो. हजारो बार, पाऊस, धूळ, उष्णता व हाताळणी सोसूनही पहिले दोन गुण किती काळ टिकतात, यावरून टिकाऊपणा ठरतो.

हे तीन गुण परस्परपूरक असतातच असे नाही. यंत्रभागांमधील अंतर अगदी कमी ठेवले, तर अचूकता वाढते. परंतु धूळ किंवा चिखल शिरताच तेच भाग अडकतात. हलका चाप नेम साधण्यास सोयीचा असतो. पण त्याची अडसर पातळ असल्यास धक्क्याने बार उडण्याचा संभव वाढतो. पातळ नळीची रायफल वाहून नेण्यास सुलभ असली, तरी ती लवकर तापते व नेम सरकतो. हरणासारख्या पशूचे हृदय व फुप्फुसे यांनी व्यापलेला भाग साधारणतः १५ ते २० सेंमी. व्यासाचा असतो. दोन मिनिटांच्या अचूकतेची रायफल २०० मी. अंतरावर सु. ११·६ सेंमी. व्यासात गोळ्या टाकते. म्हणजेच शिकारीच्या दृष्टीने तेवढी अचूकता पुरेशी असते व त्यापुढे विश्वासार्हतेला अग्रक्रम द्यावा लागतो.

सदोष शस्त्राचा अथवा चुकलेल्या बाराचा परिणाम केवळ शिकाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही. कुमाऊँतील चंपावतची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांनी १९०७ मध्ये मारली. कॉर्बेट यांनी नोंदविल्याप्रमाणे नेपाळ व कुमाऊँ मिळून तिने ४३६ माणसांचे बळी घेतले होते. तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे पूर्वीच्या एका बंदुकीच्या जखमेमुळे मोडलेले होते आणि त्यामुळे नैसर्गिक भक्ष्य मारणे अशक्य होऊन ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जनावर जागीच ठार न करता जखमी करणाऱ्या एका गोळीची किंमत अशा प्रकारे शेकडो ग्रामस्थांना मोजावी लागली. रायफलींच्या तुलनेचा प्रश्न केवळ हौसेचा नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

ब्रिटिश दुनळी रायफली : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या निर्धूर दारूने घेतली व शिकारी रायफलींचे स्वरूप पालटले. १८९८ मध्ये जॉन रिग्बी या पेढीने पुढे आणलेल्या ०·४५० इंच नायट्रो एक्सप्रेस या काडतुसातील सु. ३१ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. ६५५ मी. वेगाने सुटत असे. पूर्वीच्या प्रचंड व्यासाच्या हत्तीमार बंदुकांचे काम त्यामुळे बऱ्याच हलक्या शस्त्राने होऊ लागले. रिग्बी ही पेढी डब्लिन येथे १७७५ मध्ये, वेस्टली रिचर्ड्‌स बर्मिंगहॅम येथे १८१२ मध्ये, तर हॉलंड ही पेढी लंडन येथे १८३५ मध्ये स्थापन झाली. भारतातील संस्थानिक व ब्रिटिश अधिकारी हे त्यांचे मोठे ग्राहक होते.

दुनळी रायफलीत दोन नळ्या, दोन चाप व दोन स्वतंत्र कळयंत्रे असतात. एक कळ बिघडली किंवा एक काडतूस फुसके निघाले, तरी दुसरा बार तत्काळ उपलब्ध असतो. चाल करून येणाऱ्या हत्तीसमोर वा वाघासमोर ही निश्चिती अन्य कोणत्याही रचनेत मिळत नसे. या रायफलींची अचूकता मात्र वेगळ्या प्रकारची असे. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एकत्र याव्यात म्हणून कारागीर प्रत्यक्ष बार काढून, नळ्यांमधील पाचरी सरकवून व पुन्हा डाख देऊन त्या जुळवीत असे. ही जुळणी एका विशिष्ट काडतुसापुरतीच खरी असे; दारूचे वजन अथवा गोळी बदलताच दोन्ही नळ्यांचे नेम फाकत. कॉर्डाइटचा दाब उष्णतेने वाढत असल्यामुळे भारतासारख्या देशांसाठी दारूचे प्रमाण कमी केलेली खास उष्णकटिबंधीय काडतुसे तयार करीत. मोठ्या आकाराच्या काठदार पुंगळ्या व त्यामुळे कमी राहणारा दाब हे या काडतुसांचे वैशिष्ट्य होते. भर उन्हाळ्यातही पुंगळी नळीत घट्ट न बसता सहज निघावी, हा त्यामागील हेतू होता.

कोणत्या बनावटीची व कोणत्या व्यासाची रायफल लोकप्रिय व्हावी, हे काही वेळा कायद्यानेही ठरविले. लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या नळीचा व्यास ०·४५० इंच होता. त्या व्यासाचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास भारत व सूदान येथे ०·४५० व्यासाच्या रायफली व काडतुसे आणण्यास बंदी केली. परिणामी हॉलंडचे ०·५००/०·४६५, जोसेफ लँगचे ०·४७०, वेस्टली रिचर्ड्‌सचे ०·४७६, जेफरीचे ०·४७५ क्रमांक २ अशी जवळजवळ समान शक्तीची अनेक काडतुसे प्रचारात आली. त्यांच्यातील श्रेष्ठ-कनिष्ठतेवर शिकाऱ्यांनी पुष्कळ वाद घातले; प्रत्यक्षात हे वैविध्य शिकारीच्या गरजेतून नव्हे, तर राज्यकर्त्यांच्या धास्तीतून निर्माण झाले होते.

माउझर यंत्रणा : जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथील पाउल माउझर (१८३८–१९१४) यांनी सिद्ध केलेली व जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारलेली बोल्टची यंत्रणा शिकारी रायफलींच्या इतिहासात पायाभूत मानली जाते. बोल्ट म्हणजे मागे-पुढे सरकणारा व वळवून बंद होणारा पोलादी दांडा. माउझरच्या बोल्टला पुढील टोकाशी दोन भक्कम दाते असून मागील बाजूस तिसरा सुरक्षा-दाता असतो. पहिल्या दोहोंनी दगा दिला, तरी बोल्ट नेमबाजाच्या चेहऱ्यावर येत नाही. टोपी फुटून वायू मागे आल्यास तो बाजूला काढून देण्यासाठी छिद्रे व मागील बाजूस रुंद कडा ठेवलेली असते. पुंगळी खेचणारा लांब पोलादी आकडा बोल्टबरोबर फिरत नाही. मॅगझीनमधून वर येताच काडतुसाचा काठ या आकड्यात अडकतो व नळीत बसेपर्यंत त्याच्या पकडीतच राहतो. यामुळे शिकाऱ्याने घाबरून बोल्ट अर्धवट पुढे नेऊन मागे ओढला, तरी पहिले काडतूस नळीत राहून दुसरे त्यावर आदळण्याचा प्रसंग येत नाही. बोल्ट उघडताना मिळणाऱ्या तिरप्या रेट्यामुळे घट्ट बसलेली पुंगळीही सुटून येते.

ही यंत्रणा इतर निर्मात्यांनी मोठ्या प्रमाणावर उचलली. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड लष्करी रायफलीत माउझरची एकस्वे वापरल्याबद्दल अमेरिकन सरकारला स्वामित्वशुल्क द्यावे लागले. रिग्बी पेढी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माउझर यंत्रणा आणून तिच्यावर आपली नळी, दस्ता व दृष्टिसाधने बसवीत असे. रिग्बीच्या मागणीवरून माउझरने लांब काडतुसांसाठी मोठ्या आकाराची यंत्रणा तयार केली. १९११ चे ०·४१६ रिग्बी हे प्रसिद्ध काडतूस तिच्यासाठीच होते. हॉलंड अँड हॉलंडचे ०·३७५ मॅग्नम (१९१२) हे काडतूसही माउझर यंत्रणेवरील रायफलींमुळे जगभर पसरले. म्हणून ‘रिग्बी’ किंवा ‘हॉलंड’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अनेक बोल्ट-रायफलींच्या विश्वासार्हतेचे श्रेय बऱ्याच अंशी ओबर्नडॉर्फच्या कारखान्याकडे जाते. चंपावतच्या वाघिणीचा निःपात केल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेट यांना भेट दिलेली ०·२७५ रिग्बी रायफलही माउझर यंत्रणेचीच होती व तिचे काडतूस म्हणजे माउझरचे ७×५७ मिमी. काडतूस होय. कॉर्बेट यांच्याजवळ जेफरी बनावटीची ०·४५०/०·४०० व्यासाची दुनळी रायफलही होती. हलकी बोल्ट-रायफल व जड दुनळी रायफल यांचा असा जोड त्या काळातील अनेक अनुभवी शिकारी बाळगीत.

मान्‌लिखर-शोनाउअर व रॉस : ऑस्ट्रियातील श्टायर येथील कारखान्याची मान्‌लिखर-शोनाउअर रायफल (१९०३) प्रथम ग्रीक सैन्यासाठी निघाली व पुढे शिकारी रायफल म्हणून नावाजली. ओटो शोनाउअर यांच्या कल्पनेतील फिरत्या चक्राचे मॅगझीन हे तिचे वैशिष्ट्य होते. काडतुसे चक्राच्या खाचांत एकेक करून बसत असल्याने ती एकमेकांवर घासत नसत व बोल्ट अत्यंत सुलभपणे चाले. मात्र हे चक्र ठराविक काडतुसाच्या आकारासाठीच घडविलेले असल्यामुळे दुसरे काडतूस त्यात नीट चालत नसे. शिवाय त्याची घडण खर्चिक होती. बदलत्या बाजारपेठेत ही रचना टिकली नाही व १९७२ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

अचूकता व विश्वासार्हता यांतील भेद कॅनडातील रॉस रायफलीने सर्वांत कठोरपणे दाखवून दिला. सर चार्ल्‌स रॉस यांच्या या रायफलीचा बोल्ट न वळविता सरळ ओढावयाचा असे. १९०७ मध्ये निघालेल्या ०·२८० रॉस काडतुसाची सु. ९ ग्रॅ. वजनाची गोळी त्या काळी विलक्षण वेगवान मानली जाई आणि इंग्लंडमधील बिझ्ली येथील लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांत या रायफलीने मोठे यश मिळविले. परंतु १९११ मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत जॉर्ज ग्रे हे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे बंधू चाल करून आलेल्या सिंहावर याच रायफलीने जवळून गोळ्या झाडूनही त्याला थोपवू शकले नाहीत व जखमांमुळे मरण पावले. गोळी लक्ष्यावर लागली होती. पण हलकी व अतिवेगवान असल्यामुळे ती खोल न शिरता फुटली. पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलाने रॉस रायफली अडकू लागल्या. तसेच बोल्ट स्वच्छ करून चुकीच्या पद्धतीने जोडल्यास तो पक्का बंद न होताच बार उडण्याचा धोका होता. १९१६ मध्ये कॅनडाच्या सैन्याने रॉस रायफल बाजूला ठेवून लीएन्‌फील्ड स्वीकारली. तथापि काही निष्णात नेमबाजांनी अचूकतेसाठी रॉसच जवळ ठेवली. एकच शस्त्र स्पर्धेच्या मैदानावर उत्तम, सिंहासमोर अपुरे व खंदकात धोकादायक ठरले.

याच्या उलट डब्ल्यू. डी. एम. बेल (१८८०–१९५४) यांचे उदाहरण दिले जाते. आफ्रिकेत त्यांनी एक हजाराहून अधिक हत्ती मारले व त्यांपैकी बहुसंख्य ७×५७ मिमी.च्या रिग्बी-माउझर रायफलीने मारले. या गोळीचा व्यास रॉसच्या गोळीएवढाच जवळजवळ होता. पण ती अधिक जड, मंदगती व पूर्णपणे कठीण आवरणाची असल्यामुळे न फुटता सरळ आत शिरे. बेल यांनी हत्तीच्या कवटीचा छेद घेऊन मेंदूचे स्थान अभ्यासले होते. म्हणून या यशाचे श्रेय बनावटीइतकेच गोळीच्या घडणीला व शिकाऱ्याच्या ज्ञानाला द्यावे लागते. सामान्य शिकाऱ्याने त्यांचे अनुकरण करणे धोक्याचे होते. आफ्रिकेतील हत्तींच्या संख्येवर अशा शिकारींचा झालेला परिणाम हा या कौशल्याचा दुसरा, खेदजनक भाग होय.

अमेरिकन रायफली : अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी दीर्घकाळ तरफेने चालणाऱ्या रायफली लोकप्रिय होत्या. जॉन ब्राउनिंग यांनी संकल्पिलेली विंचेस्टर १८९४ ही त्यांतील प्रमुख असून तिचे सत्तर लाखांहून अधिक नग तयार झाले. ती सुटसुटीत व जलद असली, तरी मध्यम दाबाच्या काडतुसांपुरतीच उपयुक्त होती. लांब पल्ल्यासाठी अमेरिकन शिकारी बोल्ट-रायफलीकडे वळले आणि १९३६ मध्ये विंचेस्टरने नमुना ७० बाजारात आणला. माउझरचा लांब आकडा व काडतुसावरील पकड त्यात कायम ठेवून सुधारित चाप आणि दुर्बिणीखालीही सहज चालणारी सुरक्षा-कळ यांची त्यात भर घालण्यात आली होती. कातून व तासून घडविलेले भाग आणि हाताने केलेली जुळणी यांमुळे या रायफलीने मोठा लौकिक मिळविला.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुशल मजुरीचा खर्च वाढत गेला. १९६४ मध्ये विंचेस्टरने नमुना ७० ची रचना बदलली. लांब आकड्याऐवजी बोल्टच्या तोंडाशी लहान आकडा बसविण्यात आला. काडतूस पकडीत न राहता केवळ पुढे ढकलले जाऊ लागले आणि दस्त्यावरील हातची नक्षी जाऊन तेथे दाबून उठविलेली नक्षी आली. अचूकतेत फारसा फरक पडला नाही. परंतु ग्राहकांचा विश्वास ढळला व ‘१९६४ पूर्वीची’ रायफल हा जुन्या वस्तूंच्या बाजारातील एक स्वतंत्र वर्ग बनला. कंपनीने पुढे सुधारणा केल्या व १९९२ मध्ये जुन्या पकडीची रचना पुन्हा उपलब्ध केली. न्यू हेवन येथील कारखाना २००६ मध्ये बंद पडला आणि २००८ पासून ही रायफल दक्षिण कॅरोलायना राज्यात कोलंबिया येथे तयार होऊ लागली. एकाच नावाखाली किमान तीन भिन्न गुणवत्तेच्या रायफली कशा असू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

रेमिंग्टन ही १८१६ मध्ये स्थापन झालेली कंपनी वेगळ्या मार्गाने गेली. १९४८ चे ७२१ व ७२२ हे नमुने आणि त्यांवरून १९६२ मध्ये निघालेला नमुना ७०० यांत मुख्य सांगाडा गोल नळीसारखा असून तो यंत्रावर झटपट व अचूक कातता येतो. काडतुसाच्या बुडाभोवती पोलादाची तीन कडी येतात. त्यामुळे दाब सोसण्याची क्षमता मोठी असते. स्वस्त उत्पादन व उत्तम अचूकता यांचा मेळ साधल्यामुळे अमेरिकेच्या नौदल-सैनिकांनी १९६६ मध्ये एम ४० व भूसेनेने १९८८ मध्ये एम २४ या निष्णात नेमबाजांच्या रायफली याच यंत्रणेवरून करून घेतल्या. तथापि या रायफलीच्या मूळ चापाविषयी, तो न ओढता बार उडाल्याच्या तक्रारी दीर्घकाळ होत राहिल्या व त्यांतून अनेक दावे उभे राहिले. कंपनीने सदोषतेचा आरोप अमान्य केला. मात्र २०१८ मध्ये अंमलात आलेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार चाप बदलून देण्याचे तिने मान्य केले. त्यापूर्वी २०१४ मध्ये तिने नव्या प्रकारच्या चापाच्या रायफलीही दुरुस्तीसाठी परत मागविल्या होत्या. २०१८ व २०२० अशा दोन वेळा कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला व तिचे विभाग वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेले. अचूकतेत अग्रगण्य असलेल्या रायफलीच्या विश्वासार्हतेबद्दल अशी शंका उत्पन्न व्हावी, ही गोष्ट तिन्ही निकष स्वतंत्रपणे तपासण्याची आवश्यकता दर्शविते.

आधुनिक उत्पादन : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांगली अचूकता महागड्या हातकामावर अवलंबून राहिली नाही. सॅव्हेजच्या नमुना ११० (१९५८) मध्ये नळी एका चाकीने सांगाड्यावर घट्ट करण्याची युक्ती वापरल्यामुळे नळी व बोल्ट यांतील अंतर थोड्या श्रमात नेमके ठेवता येऊ लागले. कमी किंमतीची, दिसायला साधी. परंतु नेमाला उत्तम अशी तिची ख्याती झाली. स्टर्म-रुगर कंपनीने नमुना ७७ (१९६८) साठी मेणाच्या साच्यांवरून पोलाद ओतण्याची पद्धत वापरून माउझर धर्तीची मजबूत रायफल मध्यम किंमतीत दिली. फिनलंडमधील रीहिमॅकी येथील साको व तिची सहयोगी टिक्का या बनावटी नळीच्या दर्जासाठी ओळखल्या जातात. २००३ मध्ये निघालेल्या टिक्का टी-३ ने मध्यम किंमतीतही अत्यंत चांगली अचूकता मिळू शकते, हे दाखविले. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो व पुढे सीझेड या नावांच्या मोठ्या माउझर धर्तीच्या रायफली आफ्रिकेत परवडणारे व दणकट शस्त्र म्हणून वापरात आल्या. जर्मनीतील ब्लाझर कंपनीने आर-९३ (१९९३) व आर-८ (२००८) या नमुन्यांत सरळ ओढावयाचा बोल्ट पुन्हा आणला. रॉसनंतर जवळजवळ शतकाने ही कल्पना नव्या बंदिस्त रचनेमुळे यशस्वी झाली.

टिकाऊपणाच्या बाबतीत नावापेक्षा रसायनशास्त्र व धातुविज्ञान यांचा वाटा मोठा आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटाच्या ज्वलनाने नळीत क्लोराइडाचे क्षार राहत. ते हवेतील ओलावा शोषून घेत व पावसाळ्यात नळी काही दिवसांतच गंजे. त्यामुळे बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुण्याची प्रथा होती. जर्मनी व अमेरिकेत १९३० च्या आसपास गंज न आणणाऱ्या टोप्या प्रचारात आल्या व हा त्रास कमी झाला. प्रारंभीच्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरिनाचे प्रमाण ५८ टक्के असल्याने ज्वलनाची उष्णता जास्त होती व नळीची झीज लवकर होई. नंतरच्या प्रकारात हे प्रमाण ३० टक्क्यांवर आणण्यात आले. अक्रोडाचा दस्ता दमट हवेत फुगून नळीवर दाब देतो व नेम सरकतो. या कारणाने गंजरोधक पोलादाच्या नळ्या व कृत्रिम द्रव्यांचे दस्ते १९८० नंतर सर्वत्र रूढ झाले. जुन्या काळी निकृष्ट ठरलेल्या कित्येक रायफलींचा दोष रचनेचा नसून निगेचा होता.

तौलनिक मूल्यमापन : वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. हिंस्र व प्रचंड पशूंच्या निकट सामन्यासाठी ब्रिटिश दुनळी रायफल व मूळ माउझर रचना या विश्वासार्हतेत आघाडीवर राहिल्या. केवळ अचूकतेचा विचार करता साको, टिक्का, रेमिंग्टन ७०० व सॅव्हेज यांच्या रायफली त्यांच्या तोडीच्या अथवा त्यांहून सरस ठरतात व किंमतीने कितीतरी स्वस्त असतात. दीर्घ टिकाऊपणाची साक्ष म्हणून शंभर वर्षांनंतरही वापरण्यायोग्य असलेल्या माउझर रायफली दाखविता येतात. मात्र त्याच वयाच्या निगा न राखलेल्या रायफलींची नळी निरुपयोगी झालेली आढळते. म्हणून जुनी रायफल पारखताना नाममुद्रेआधी निर्मितीचे वर्ष, बोल्टचे दाते, चापाची अडसर व नळीचा अंतर्भाग तपासण्याची जाणकारांची पद्धत आहे.

भारतातील स्थिती : ब्रिटिश अमदानीत ०·३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांस निषिद्ध असल्याने ८×५० मिमी. मान्‌लिखर काडतूस ०·३१५ या नावाने येथे रूढ झाले. स्वातंत्र्योत्तर काळात पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील सरकारी कारखान्याने लीएन्‌फील्ड यंत्रणेवर ०·३१५ व्यासाची नागरी रायफल तयार केली. या यंत्रणेत बोल्टचे दाते मागील टोकाशी असतात. त्यामुळे अतिउच्च दाबाखाली बोल्ट किंचित दबतो व अचूकता माउझरएवढी राहत नाही. परंतु ती धूळ व चिखल चांगला सोसते आणि बोल्ट जलद चालतो. १९५९ चा शस्त्र अधिनियम व आयातीवरील निर्बंध यांमुळे परदेशी बनावटींची निवड सामान्य परवानाधारकाला जवळजवळ उरली नाही व ईशापूरची रायफल हीच पीकसंरक्षण व स्वसंरक्षण यांसाठी प्रमुख रायफल बनली. सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यांचे मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन ते कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये विभागण्यात आले.

वाघाच्या शिकारीवर भारतात १९७० मध्ये बंदी आली व १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीचा हौशी काळ संपला. मानवी जीवितास धोकादायक झालेला पशू मारण्याची परवानगी आता केवळ मुख्य वन्यजीव रक्षक, अन्य उपाय अशक्य असल्याची खात्री झाल्यावर, लेखी कारणे नमूद करून देऊ शकतो. संस्थानिकांसाठी घडविलेल्या दुनळी रायफली संग्राह्य वस्तू झाल्या आहेत. शिकारीचा काळ मागे पडला, तरी तिने शिकविलेला नियम अपवादात्मक परवानगीच्या प्रसंगी तितकाच लागू पडतो : परिचित व तपासलेले शस्त्र, योग्य घडणीची गोळी व संयमी नेमबाज यांपैकी एकाचीही उणीव राहिली, तर पशू जखमी होऊन निसटतो आणि धोका पूर्वीपेक्षा वाढतो.